गोरमाटीतून मराठीकडे : एका ॲपची आखणी

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात फिरताना तुम्हाला ठिकठिकाणी तांडे दिसतील. तांडा म्हणजे बंजारा किंवा लमाण समाजाची वस्ती. तांड्यातले मूल घरी जी भाषा बोलते तिला गोरमाटी किंवा गोरबोली म्हणतात. आईला ते 'याडी' म्हणते, भाकरीला 'बाटी' म्हणते, मुलीला 'छोरी' म्हणते. सहाव्या वर्षी हे मूल पहिलीच्या वर्गात जाऊन बसते. तेथे फळ्यावर मराठी, पुस्तकात मराठी आणि बाईंच्या तोंडीही मराठी! भाकरी त्याने रोज खाल्लेली असते. चुलीवर ती कशी भाजतात हेही त्याला ठाऊक असते. ठाऊक नसतो तो केवळ एक शब्द. परंतु गप्प बसलेल्या मुलाकडे पाहून 'याला काही येत नाही' असा समज व्हायला वेळ लागत नाही. एकदा असा समज झाला, की तो पुसायला वर्षे जातात.

आता असे समजा, की तुमच्या शाळेतील आठवी-नववीच्या सहा-सात मुलामुलींनी या लहान भावंडांसाठी मोबाइलवर चालणारे एक ॲप करायचे ठरवले. चित्र पाहावे, गोरमाटी शब्द ऐकावा, मराठी शब्द ऐकावा आणि खेळता खेळता दोन्ही भाषांत बोलते व्हावे, एवढाच त्याचा हेतू. संगणकाची आज्ञावली लिहिणे हे त्यातले एक काम झाले. त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने चालणारे दुसरे काम असते ते योजनेचे. काय आधी करावे, काय नंतर, किती वेळ लागेल आणि चुकले तर काय? या लेखात आपण त्या योजनेचाच विचार करणार आहोत.

भाषेची थोडी ओळख

गोरमाटी ही इंडो-आर्य कुळातील भाषा आहे आणि राजस्थानी भाषांशी तिचे जवळचे नाते आहे. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून देशभर व्यापार करणाऱ्या लोकांबरोबर ती दक्षिणेत आली. आज ती महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशात बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत 'लमाणी-लंबाडी' ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. मात्र जनगणनेच्या तक्त्यात त्यांचा आकडा हिंदीच्या गटात मिळवलेला आहे.

या भाषेला स्वतःची रूढ लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, कर्नाटकात कन्नड लिपीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत. शिवाय एका तांड्यातला उच्चार दुसऱ्या तांड्यात थोडा बदललेला आढळतो. तुमच्या ओळखीच्या घरी वर दिलेले शब्द किंचित निराळे ऐकू आले, तर गोंधळून जाऊ नका. बोली अशीच असते. आपल्या योजनेत मात्र या गोष्टीची दखल घ्यावी लागेल.

धरणाची योजना आणि पेरणीची योजना

योजना दोन प्रकारच्या असतात. बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण आहे. असे धरण बांधायचे तर आधी जमिनीची पाहणी, मग पाण्याचा हिशेब, मग नकाशे, मग बांधकाम, असा क्रम ठेवावाच लागतो. अर्धी भिंत बांधून 'लोकांना कशी वाटते ते पाहू' असे म्हणता येत नाही. येथे सारे आधी ठरवणे हाच शहाणपणा.

आता त्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे पाहा. त्याच्याकडेही योजना असते. जूनमध्ये वेळेवर पाऊस झाला तर मूग, उडीद पेरायचा. पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत लांबला तर मूग-उडदाचा नाद सोडून तूर, बाजरी किंवा सूर्यफुलाकडे वळायचे. बियाणे, बैल किंवा ट्रॅक्टर, माणसे यांची तयारी आधीपासून असते; पण कोणत्या रानात काय, हा शेवटचा निर्णय पाऊस पाहून होतो. या माणसाला कोणी 'तुझ्याकडे योजनाच नाही' असे म्हणेल काय? पाऊस आपल्या हातात नाही हे त्याने योजनेतच धरलेले असते.

आपले ॲप कोणत्या प्रकारात बसते? सहा वर्षांच्या मुलाला कोणते चित्र कळेल, कोणता खेळ आवडेल, घरातला मोबाइल त्याच्या हाती किती वेळ पडेल, हे आज आपल्याला माहीत नाही आणि नुसता विचार करून कळणारही नाही. तेव्हा आपली योजना पेरणीसारखी हवी.

ही पद्धत आली कोठून?

संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्यांनी प्रारंभी धरणाचाच मार्ग धरला होता. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग आज्ञावली, मग तपासणी. एका पायरीवरून दुसरीवर पाणी पडावे तसे काम खाली येते, म्हणून या पद्धतीला पुढे 'धबधबा' असे नाव पडले. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने आपल्या निबंधात या पायऱ्यांची आकृती काढली. गंमत अशी, की केवळ या सरळ क्रमावर विसंबणे धोक्याचे आहे, हेही त्याच निबंधात त्याने बजावले होते. कारण तपासणी शेवटी होते, आणि चूक शेवटी सापडली तर पहिल्या पायरीपर्यंत परत चढावे लागते.

१९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी काही यशस्वी कारखान्यांच्या कामाची तुलना रग्बीच्या खेळाशी केली. रग्बीत सारा संघ चेंडू एकमेकांकडे देत एकत्र पुढे सरकतो. कामाचेही तसेच व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या खेळातला 'स्क्रम' हा शब्द घेऊन जेफ सदरलंड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये आज्ञावलीच्या कामासाठी एक पद्धत मांडली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड या ठिकाणी १७ तज्ज्ञ जमले आणि त्यांनी आपल्या समान विचारांचा एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्या विचाराला त्यांनी 'ॲजाइल', म्हणजे चपळ, असे नाव दिले. कागदपत्रांच्या ढिगापेक्षा चालणारी वस्तू मोलाची, आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे मोलाचे, हे त्यातले दोन मुद्दे आपल्या उपयोगाचे आहेत.

प्रत्यक्षात करायचे ते असे. काम दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत वाटायचे. इंग्रजीत या फेरीला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक फेरीच्या शेवटी वापरता येईल असे काहीतरी, मग ते कितीही लहान असो, हाती आले पाहिजे. ते ज्याच्यासाठी केले त्याच्यासमोर ठेवायचे, त्याचे निरीक्षण करायचे आणि पुढच्या फेरीची योजना त्यावरून ठरवायची.

आधी 'कोणासाठी?'

पहिला प्रश्न कोणत्या संगणकावर काम करायचे हा नव्हे. हे कोणासाठी करायचे, हा पहिला प्रश्न. 'सर्वांसाठी' हे उत्तर चालणार नाही. पहिलीतले मूल, त्याची आई, गोरमाटी न येणाऱ्या बाई आणि कुतूहल म्हणून ही भाषा शिकणारा शहरी विद्यार्थी, या चौघांच्या गरजा चार प्रकारच्या आहेत. आपण पहिलीतले मूल निवडू.

ही निवड केल्याबरोबर एक मोठी गोष्ट लक्षात येते. या मुलाला अजून वाचता येत नाही! म्हणजे पडद्यावर 'पुढे जा', 'पुन्हा ऐका' असे शब्द लिहून काहीच उपयोग नाही. सारे काम चित्र, आवाज आणि बोटाचा स्पर्श यांवरच चालले पाहिजे. असा विचार आधी झाला नाही, तर सुंदर अक्षरांनी सजवलेले आणि त्या मुलासाठी पूर्ण निरुपयोगी असे ॲप तयार होईल.

चपळ पद्धतीत प्रत्येक गरज वापरणाऱ्याच्या तोंडची एक गोष्ट म्हणून लिहितात. उदाहरणार्थ : 'पहिलीतली मुलगी म्हणून मला माझ्या भाषेतला शब्द आधी ऐकू यावा, म्हणजे चित्र कशाचे आहे याची खात्री होईल.' किंवा : 'ऊसतोडीला गेलेल्या घरातला मुलगा म्हणून मला इंटरनेटशिवाय खेळता यावे, कारण फडाजवळच्या कोपीवर ते मिळेलच असे नाही.' वाक्याचे तीन भाग पाहा : कोण, काय आणि कशासाठी. तिसरा भाग लिहिता आला नाही, तर ते काम बहुधा नकोच असते.

कामांची यादी आणि गुण

आता सर्व कामांची यादी करू आणि महत्त्वाच्या क्रमाने लावू. प्रत्येक कामाला किती तास लागतील हे सांगणे नवख्याला तर सोडाच, जाणत्यालाही अवघड जाते. परंतु 'हे काम त्या कामापेक्षा मोठे की लहान' हे आपल्याला बरे सांगता येते. डोक्यावरची घागर किती किलोची आहे हे सांगता येणार नाही. दोहोंपैकी जड कोणती ते मात्र उचलताच कळते. म्हणून कामांना तास न देता तुलनेने गुण देतात. हे गुण पुष्कळदा १, २, ३, ५, ८, १३ असे घेतात. तुमच्या लक्षात आले असेल, की यातला तिसऱ्यापासूनचा प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज आहे. ही फिबोनाची श्रेणी. काम जितके मोठे तितका आपला अंदाज ढोबळ असतो, आणि या श्रेणीतली अंतरेही वाढत जातात. म्हणून ती येथे सोयीची पडते.

आपली यादी अशी होईल :

१. पहिल्या २० शब्दांची चित्रे आणि दोन्ही भाषांतील आवाज – ८
२. चित्राला बोट लावताच आवाज येणे – ५
३. शब्द ऐकून योग्य चित्र ओळखण्याचा खेळ – ५
४. इंटरनेटशिवाय चालणे – ३
५. पुढचे ६० शब्द – १३
६. विसरलेला शब्द पुन्हा विचारणे – ८
७. 'तुझे नाव काय?' यासारखी छोटी वाक्ये – ८
८. मराठी अक्षरओळख – ८
९. बाईंसाठी प्रगतीचा तक्ता – ५
१०. सजावट आणि बक्षिसाची चित्रे – ३

बेरीज ६६. गुण देताना एक युक्ती वापरा. प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर गुपचूप लिहावा आणि सर्वांनी चिठ्ठ्या एकदम उघडाव्यात. एकाने ३ आणि दुसऱ्याने १३ लिहिले असेल तर त्या दोघांना कारण विचारा. बहुधा एकाला माहीत असलेली अडचण दुसऱ्याला माहीत नसते. ती उघड व्हावी यासाठीच हा खटाटोप.

तारीख हलत नाही

बीडच्या योजनेत एक तारीख कोणालाच पुढे ढकलता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, आष्टी अशा कित्येक तालुक्यांतली गावे आणि तांडे रिकामे होतात. यात अनेक समाजांचे लोक आहेत, बंजारा त्यांपैकी एक. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, तेव्हा न जाण्याचा प्रश्नच नसतो. मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम चालतो. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काही आईवडिलांबरोबर जातात. म्हणजे जे मूल जूनमध्ये शाळेत आले, त्याला मराठीची थोडी ओळख होते न होते तोच ते शाळेपासून दूर जाते.

म्हणून आपले ॲप ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मुलांच्या हाती पडलेच पाहिजे. डिसेंबरमध्ये तयार झालेले परिपूर्ण ॲप या मुलांच्या लेखी शून्य. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली आणि पोळा, गणपती व परीक्षा यांचे दिवस वगळले, तर दोन आठवड्यांच्या सहा फेऱ्या मिळतील. ६६ भागिले ६ म्हणजे दर फेरीत ११ गुणांचे काम व्हायला हवे.

समजा, पहिल्या फेरीत आपले ८ गुणांचे काम झाले आणि दुसऱ्या फेरीत १० गुणांचे. सरासरी ९. उरलेल्या चार फेऱ्यांत याच गतीने ३६ गुण होतील आणि एकूण बेरीज ५४ वर जाईल. ६६ काही होत नाही. आता काय करायचे? रात्री जागायचे? त्याने चुका वाढतील. तारीख पुढे न्यायची? ती तर ऊस ठरवतो. तेव्हा काम कमी करायचे. यादीतली शेवटची तीन कामे १६ गुणांची आहेत. ती बाजूला ठेवली की ५० उरतात, आणि ४ गुणांची उसंत अनपेक्षित अडचणींसाठी हाती राहते. यादी महत्त्वाच्या क्रमाने लावण्याचे फळ ते हेच. गळतात ती खालची कामे; इंटरनेटशिवाय चालणे जागेवर राहते.

धबधब्याच्या पद्धतीत हीच उणीव ऑक्टोबरमध्ये उघडी पडली असती. येथे ती ऑगस्टच्या प्रारंभीच कळली.

पहिली फेरी : मोबाइलशिवाय

पहिल्या फेरीत आज्ञावलीची एक ओळही लिहू नका! पोस्टकार्डाएवढे २० पुठ्ठे कापा आणि त्यांवर चित्रे काढा. तांड्यातल्या एखाद्या आजीला विचारून तिच्या आवाजात गोरमाटी शब्द ध्वनिमुद्रित करा आणि बाईंच्या आवाजात मराठी शब्द. मग पाच मुलांसमोर एकेक चित्र ठेवा, आवाज ऐकवा आणि पाहत राहा. त्यांना उत्तर सुचवू नका.

शब्द कोणते निवडावेत? दोन्ही भाषांत सारखे असलेले काही आधी घ्या. 'पाणी' आणि 'घर' हे शब्द गोरमाटीतही चालतात. 'हे तर मला येते!' असे मुलाला पहिल्याच मिनिटाला वाटले, की पुढच्या 'बाटी–भाकरी'ची भीती राहत नाही.

या पद्धतीने कोणकोणत्या चुका सापडू शकतील ते पाहा. सफरचंदाचे चित्र मुले टोमॅटो म्हणून ओळखतील. नुसत्या गोल आकाराला कोणी भाकरी म्हणेल, कोणी चंद्र. आजी भराभर बोलल्याने शब्द पुरता कळणार नाही. पुठ्ठ्यावरचे चित्र बदलायला पाच मिनिटे लागतात. तयार ॲपमधले बदलायला पाच दिवस लागू शकतात. चूक जितकी लवकर, तितकी स्वस्त.

पाच मुले पुरतात काय?

तुम्ही म्हणाल, पाच मुलांवरून काय कळणार? याला थोडे गणिताचे उत्तर आहे. जेकब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये अशा चाचण्यांचा अभ्यास केला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या चाचणीत सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. म्हणजे ६९ टक्के लपून राहत. दोघांच्या चाचणीनंतर लपलेला भाग ०.६९ × ०.६९, म्हणजे सुमारे ०.४८ उरतो. तिघांनंतर ०.३३, चौघांनंतर ०.२३ आणि पाचांनंतर ०.१६. अर्थात पाच जणांत सुमारे ८४ टक्के अडचणी सापडतात. सहावा-सातवा माणूस नवे फारसे सांगत नाही. ३१ टक्के ही सरासरी आहे. प्रत्येक प्रकल्पात ती तेवढीच असेल असे नाही. तरी बोध स्पष्ट आहे : एकदाच तीस मुलांची चाचणी घेण्यापेक्षा सहा फेऱ्यांत पाच-पाच मुलांची घ्यावी. दर वेळी आधीच्या चुका सुधारलेल्या असतात, त्यामुळे नव्या चुका दिसू लागतात.

लिपीचा प्रश्न : कझाखस्तानचा धडा

आता एक असा निर्णय, की जो लहान दिसतो पण पुढे महागात पडू शकतो. शब्दांचा साठा कसा ठेवायचा? 'बाटी' हा शब्द देवनागरीत लिहून ठेवला की झाले, असे वाटेल. पण हेच ॲप उद्या कर्नाटकातल्या तांड्यासाठी हवे झाले तर?

मध्य आशियातील कझाख भाषेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ही तुर्की कुळातील भाषा. ती पूर्वी अरबी लिपीत लिहीत. १९२९ मध्ये लॅटिन लिपी आली, १९४० मध्ये रशियनसारखी सिरिलिक लिपी आली, आणि २०१७ मध्ये पुन्हा लॅटिनकडे वळण्याचा आदेश निघाला. हा बदल टप्प्याटप्प्याने करायचा असल्यामुळे सिरिलिक लिपी अजूनही वापरात आहे. कझाख शिकवणारे ॲप करणाऱ्याने प्रत्येक धडा एकाच लिपीला जखडून ठेवला, तर लिपी बदलताच सारे काम नव्याने करावे लागेल. त्याने शब्दाचा एक क्रमांक, त्याचा आवाज, त्याचे चित्र आणि प्रत्येक लिपीसाठी एकेक वेगळा रकाना ठेवला, तर बदल एका रकान्यापुरता राहील. आपणही तसेच करू. आवाज हे मूळ. लिपी हा त्याला चढवलेला अंगरखा.

जाता जाता आणखी एक मौज. कझाख भाषेत वहीला 'दॅप्तेर' म्हणतात, आठवड्याला 'आप्ता' आणि दुकानाला 'दुकेन'. आपले दप्तर, हप्ता आणि दुकान हे त्यांचे सख्खे भाऊ! फारसी-अरबी शब्द तिकडेही पोचले आणि इकडेही. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याला असे शब्द परके नाहीत. बीडच्या मुलासाठी कझाख शिकवणारे ॲप करायचे झाले, तर पहिल्या फेरीत हेच शब्द घ्यावे लागतील. पण सावध राहा : कझाखमध्ये 'बाला' म्हणजे मूल, म्हणून तो आपल्या 'बाळा'चा नातेवाईक ठरत नाही. नुसत्या सारखेपणावरून नाते जोडू नये.

जागा किती लागेल?

साध्या मोबाइलमध्ये हे मावेल काय? हिशेब करू. बोललेला आवाज समजण्याइतका स्वच्छ ठेवण्यास सेकंदाला ३२ किलोबिट पुरे होतात. दोन सेकंदांच्या शब्दाला ६४ किलोबिट, म्हणजे ८ किलोबाइट. ८० शब्द दोन भाषांत, म्हणजे १६० आवाज. १६० × ८ = १२८० किलोबाइट, अर्थात सुमारे सव्वा मेगाबाइट. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही याहून मोठे असते! तेव्हा सारे आवाज ॲपमध्येच ठेवता येतील आणि एका मोबाइलवरून दुसऱ्यावर थेट देता येतील. इंटरनेटशिवाय चालण्याला आपण फक्त ३ गुण दिले, ते या हिशेबाच्या जोरावर.

विसरण्याची दखल

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले आपण आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतो. म्हणून उजळणी योग्य वेळी हवी. सेबास्टियन लाइटनर याने १९७२ मध्ये त्यासाठी कप्प्यांची सोपी रीत सुचवली. आपण तीन कप्पे करू. नवे शब्द पहिल्या कप्प्यात. ते रोज विचारायचे. उत्तर बरोबर आले की शब्द दुसऱ्या कप्प्यात जातो. तो तीन दिवसांनी विचारायचा. पुन्हा बरोबर आले की तिसऱ्यात, आठवड्यातून एकदा. चुकला की परत पहिल्यात. यादीतले सहावे काम हेच आहे. ॲपमध्ये ते जमेपर्यंत तीन रिकाम्या काडेपेट्या आणि छोट्या चिठ्ठ्या यांवरही ते चालते.

'झाले' म्हणजे काय?

संघातला एक म्हणतो 'माझे काम झाले', आणि दुसऱ्याला ते अर्धेच दिसते. हे भांडण टाळायचे तर 'झाले' या शब्दाची व्याख्या आधीच भिंतीवर लावा. आपल्या ॲपमधला शब्द 'झाला' असे केव्हा म्हणायचे? आवाज मुद्रित झाला, गोरमाटी घरच्या मोठ्या माणसाने तो तपासला, पाच मुलांनी चित्र ओळखले आणि इंटरनेट बंद असताना तो चालला, तर. चारांपैकी एक राहिले तरी गुण शून्य.

त्याच भिंतीवर तीन रकाने आखा : 'करायचे', 'चालू', 'झाले'. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहून डावीकडून उजवीकडे सरकवत न्या. जपानच्या टोयोटा कारखान्यात 'कानबान' नावाच्या अशा चिठ्ठ्या वापरून कामाचा ओघ सांभाळत. 'चालू' या रकान्यात तीनपेक्षा अधिक चिठ्ठ्या जमू देऊ नका. दहा कामे अर्धवट असण्यापेक्षा तीन पुरी असलेली बरी. रोज दहा-पंधरा मिनिटे उभ्यानेच एकत्र या आणि प्रत्येकाने काल काय केले, आज काय करणार आणि अडले कोठे, एवढेच सांगा. फेरीच्या शेवटी दोन आढावे घ्या. पहिला वस्तूचा : मुलांनी काय केले? दुसरा आपल्या वागण्याचा : आपण काय चांगले केले आणि पुढच्या फेरीत कोणती एक गोष्ट बदलू?

मर्यादाही ओळखा

चपळ पद्धत म्हणजे योजना न करणे नव्हे. येथे तर दर पंधरा दिवसांनी योजना करावी लागते. ती सगळीकडे चालते असेही नाही. काही गोष्टी आधीच ठरलेल्या हव्यात. मुलांची चाचणी घ्यायची तर पालकांची परवानगी हवी. कोणाचा आवाज मुद्रित करायचा तर तो कशासाठी, कोठे वापरणार, हे त्याला सांगून होकार घ्यावा. यात 'करून पाहू, मग सुधारू' चालत नाही.

शिक्षकांसाठीही दोन शब्द. असे ॲप शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. मूल 'बाटी' म्हणाले तेव्हा हसून 'हो, बाटी! आणि मराठीत भाकरी' असे म्हणणारी बाई वर्गात नसेल, तर मोबाइलने काही साधणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे असे म्हटले आहे. गोरमाटी ही मराठी शिकल्यावर टाकून द्यायची शिडी नव्हे. त्या मुलाचे पहिले ज्ञान तिच्यातच साठलेले आहे.

करून पाहा

तुमच्या वर्गात किंवा शेजारी घरी निराळी भाषा बोलणारे कोणी आहे का, ते शोधा. गोरमाटी असेल, पारधी, वडारी, कैकाडी असेल किंवा उर्दू असेल. त्यांच्या संमतीने दहा शब्द निवडा, त्यांपैकी तीन मराठीशी जुळणारे घ्या. दहा पुठ्ठे करा. पाच लहान मुलांसमोर ते मांडा आणि कोठे अडले याची नोंद ठेवा. अडलेली चित्रे बदला व पंधरा दिवसांनी पुन्हा मांडा. दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यात, की तुमची गती किती, अंदाज कितपत खरा ठरला आणि पुढच्या फेरीत काय करायचे, हे तुमचे तुम्हालाच दिसेल.